अन्नाचा निर्णय बंद खोलीत नको

अर्थसंकल्पाच्या गदारोळात मंगळवारी, २३ जुलै २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल झाकला गेला. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मोहरीला केंद्राने २०२२ मध्ये दिलेल्या मान्यतेवर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. संजय करोल यांचे एकमत झाले नाही. न्या. नागरत्नांनी मान्यता रद्द ठरवली, न्या. करोल यांनी काटेकोर देखरेखीच्या अटीवर ती कायम ठेवली. त्यामुळे प्रकरण सरन्यायाधीशांकडे सोपवले गेले. म्हणजे नवे पीठ, पुन्हा तारखा. जीएम पिकांचा वाद २००४ पासून न्यायालयात आहे. देशाने काय पेरावे आणि काय खावे हे न्यायाधीशांना ठरवावे लागते, याचे कारण एकच. ज्यांनी ते ठरवायचे, त्यांनी वीस वर्षे जबाबदारी झटकली.

हा निर्णय संसदेने केलेल्या कायद्याखाली, उघडपणे आणि लोकांना उत्तरदायी असलेल्या यंत्रणेने घ्यायला हवा. आज तो कोण घेते? पर्यावरण मंत्रालयाची ‘जीईएसी’ ही जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती. तिचा आधार १९८९ ची नियमावली. बीटी कापूस हे पहिले जीएम पीकही या देशात आले नव्हते, तेव्हाचे हे नियम. या समितीचा सहअध्यक्ष जैवतंत्रज्ञान विभागाचा असतो आणि मोहरीच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांतही हाच विभाग. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल आणि सहकाऱ्यांनी सार्वजनिक पैशातून हे वाण घडवले, त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण ज्याने पैसा घातला, त्यानेच परीक्षकाच्या खुर्चीत बसायचे, हे कोणत्याही परीक्षेत चालत नाही. अन्नाच्या परीक्षेत ते का चालावे?

२०२२ च्या मान्यतेचेच पाहा. समितीने १८ ऑक्टोबरला शिफारस केली, आठवडाभरात मंत्रालयाने ती मान्य केली. मधमाश्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास मात्र वाण शेतात गेल्यानंतर करायचा! मोहरीच्या फुलांवर राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातले हजारो मधपाळ जगतात. तणनाशकाला दाद न देणारे जनुक या वाणात आहे, पण शेतकऱ्याने ते तणनाशक वापरायचे नाही अशी अट. त्यावर बांधाबांधावर जाऊन लक्ष कोण ठेवणार? मोहरी काही कापूस नव्हे. उत्तरेत तिचा पाला भाजी म्हणून शिजतो, तेल रोजच्या स्वयंपाकात असते, आपल्याकडे तिच्याशिवाय फोडणी होत नाही. एवढ्या खाण्यातल्या पिकाबाबत भारतातल्या अभ्यासांचा आधार घेतला नाही, असा ठपका न्या. नागरत्नांनी ठेवला आहे. तो गंभीर आहे.

आणि माहिती? ती मागून मिळत नाही, भांडून काढावी लागते. बीटी वांग्याच्या सुरक्षिततेची आकडेवारी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बाहेर आली. मोहरीची माहिती जाहीर करा, असे केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये बजावले, तेव्हा मंत्रालयाने गोषवारा संकेतस्थळावर टाकला, हरकतींना तीस दिवस दिले आणि संपूर्ण कागदपत्रे हवी असतील तर दिल्लीच्या कार्यालयात येऊन पाहा म्हटले. भरतपूरच्या मोहरी उत्पादकाने किंवा अकोल्याच्या शेतकऱ्याने ती पाहायला दिल्ली गाठायची?

एकदाच वेगळे घडले. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, राज्यांची मते मागवली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. स्थगिती योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद असतील. पण निर्णय घेणारा माणूस लोकांसमोर बसला आणि कारणे लेखी देऊन मोकळा झाला. मोहरीच्या वेळी कोणी बसले नाही. एका मंत्र्याने ऐकले, दुसऱ्याने ऐकले नाही. लोकांचा हक्क मंत्र्याच्या स्वभावावर ठेवता येत नाही, तो कायद्यात लिहावा लागतो.

संसदेला हे ठाऊक नाही असे नाही. बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समिती यवतमाळच्या गावांत येऊन कापूस उत्पादकांशी बोलली होती. जैवसुरक्षेसाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण उभारा, ही तिची २०१२ ची शिफारस. पुढच्याच वर्षी सरकारने आणलेल्या नियामक विधेयकाचा हेतू मान्यता झटपट देण्याचा होता. तेही लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. त्यानंतर काही नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याच्या कलम २२ नुसार जीएम अन्नाचे नियम व्हायचे होते. २०२४ पर्यंत अठरा वर्षे झाली, तरी मसुद्यापुढे गाडी गेलेली नव्हती.

नियम नसले म्हणून जीएम अन्न थांबले का? परदेशातल्या जीएम सोयाबीनचे तेल बंदरांतून येते आणि पुडीवर एक अक्षर न लिहिता घराघरांत पोहोचते. बीटी कापसाची सरकी घाण्यात जाते, तेल आपण खातो, ढेप गुरे खातात. सरकारनेच न्यायालयात सांगितले की भारतीय असे तेल आधीपासून खातात, मग मोहरीला हरकत कशाला? हा युक्तिवाद संतापजनक आहे. न विचारता खाऊ घातले, म्हणून पुढेही विचारायचे नाही? २०२१ मध्ये कुक्कुटपालकांसाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. दहा हजारांवर गेलेला सोयाबीनचा भाव नवा माल बाजारात येईपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. लातूरच्या शेतकऱ्याला तेव्हा कोणी विचारले होते?

निर्णयाची जागा रिकामी राहिली की ती दुसरा कोणीतरी भरतो. विदर्भात ती बेकायदा बियाणे, म्हणजे ‘चोर बीटी’, विकणाऱ्याने भरली आहे. तणनाशकसहिष्णू कापसाला मान्यता नाही, तरी दर हंगामात पाकिटे येतात, बिलाशिवाय विकली जातात आणि उगवण झाली नाही तर तक्रार करायला दार नसते. निंदणीला मजूर मिळत नाही, म्हणून शेतकरी हे बियाणे घेतो. शेतकरी संघटनेने तर २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे पेरले. तंत्रज्ञान हवे ही त्यांची मागणी चूक नाही. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या देशाने संशोधनाकडे पाठ फिरवावी, असे आम्हीही म्हणत नाही. पण मान्यताही विश्वासार्ह हवी आणि नकारही. आज दोन्ही नाहीत.

दोन्ही न्यायाधीशांचे एका बाबतीत एकमत झाले आहे. राज्ये, शेतकरी आणि तज्ज्ञांशी बोलून केंद्राने शक्यतो चार महिन्यांत जीएम पिकांचे राष्ट्रीय धोरण आखावे. ही मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. अशा धोरणासाठी दिल्लीतले एखादे चर्चासत्र आणि चार निमंत्रित पुरणार नाहीत. शेती राज्यघटनेने राज्यांकडे सोपवली आहे, तेव्हा राज्यांना नकाराचा अधिकार हवा. चाचण्यांची सगळी आकडेवारी मराठीसह भारतीय भाषांत खुली हवी. नियामकात वाणाचा निर्माता किंवा त्याचा पोशिंदा नको. धोक्याचे मोजमाप शास्त्रज्ञांनी करावे, पण तो धोका पत्करायचा की नाही हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे आणि निवडणुकीत त्याचे उत्तर द्यावे. जीएम असल्याची पुडीवरची नोंद तर उद्यापासून सक्तीची करता येईल, त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको.

अर्थमंत्र्यांनी त्याच मंगळवारी ३२ पिकांचे १०९ नवे वाण देण्याची घोषणा केली. वाण जरूर द्या. पण संसदेत जैवसुरक्षेचे विधेयक आणा आणि ते संमत होईपर्यंत जीएम मोहरीचा एक दाणाही व्यापारी पेरणीसाठी देऊ नका.