ताजं लिनक्स कुणासाठी?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, घरात धडधाकट संगणक पडून आहेत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-तंत्र हवं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. म्हणून लोक लिनक्सकडे वळतात आणि विचारतात, कोणतं टाकू?

यावर एक ठाम उत्तर हल्ली तावातावाने दिलं जातं. सगळी लिनक्स आतून एकच, तेव्हा सर्वांत ताजं ते घ्या, म्हणजे आर्च नावाचं लिनक्स. डेबियन म्हाताऱ्यांचं, मिंट नवशिक्यांचं. ज्याला हे झेपत नाही त्याने संगणकाला हातच लावू नये.

आतला कर्नल एकच, हे खरं. १९९१ पासून वाढत आलेला तो गाभा सगळेच वापरतात. फरक पडतो तो त्यावरचं सामान कसं येतं यात. आर्चला ठरावीक आवृत्तीच नाही. जे तयार झालं ते वाहत येतं. एकच पॅकेज नवं करून बाकीचं जुनं ठेवण्याला आर्चचा आधार नाही, असं त्यांचीच कागदपत्रं सांगतात. तीन महिने अपडेट न केलेल्या यंत्रावर प्रिंटरसाठी एक छोटं पॅकेज हवं असेल, तर आधी सगळी प्रणाली नवी करायची. तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. कर्नल बदलत असताना लाइट गेली, तर यंत्र पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. जुलैअखेरीस पीक विम्याची मुदत जवळ आलेली, काउंटरवर शेतकरी सातबारा घेऊन उभा, आणि पडद्यावर काळी चौकट! ताजेपणाचा उपदेश करणारा तेव्हा दुरुस्तीला दारव्ह्यात येणार आहे का?

असाच हेका टंकांच्या वादातही होता. सगळे कृतिदेव वापरतात, मग युनिकोड कशाला, असं तेव्हा बजावलं जाई. आज त्या काळातली फाइल तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तेव्हा जुन्याचा हट्ट होता, आता नव्याचा आहे. कळफलकावर बसणाऱ्याला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

स्वदेशी म्हणून सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस हे लिनक्स घ्या, असंही सांगतात. पण ते डेबियनवरच उभं आहे, मग थेट डेबियनच का नको?

तेव्हा निवड सरळ आहे. चार जीबी रॅमच्या यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. थोडी सवय असलेल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ घ्यावं. दोन्हींत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो: शिफ्ट-जे, डी आणि तिरपी रेघ दाबली की ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्य’ नीट उमटतो. अंगठ्याच्या यंत्रावर आधार पडताळणी करणाऱ्या केंद्रांनी मात्र त्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे आधी विचारावं. चालत नसेल तर त्या कामाचा संगणक वेगळा ठेवावा.

आणि काहीही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच ते चालू करून वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी टायपिंग तपासा. डिस्कवरची एकही फाइल त्यासाठी पुसावी लागत नाही.