राजमा, पास्ता आणि एक भांडं: पास्ता ए फाजोली

पास्ता म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चीजचा डोंगर उभा राहतो. इटलीतल्या शेतकऱ्यांच्या घरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जो पास्ता शिजला, त्यात क्रीम अजिबात नाही आणि चीज असलंच तर वरून भुरभुरण्यापुरतं. पास्ता ए फाजोली, म्हणजे पास्ता आणि घेवड्याचे दाणे. मांस परवडत नसे तेव्हा पोट भरायचं ते यानेच.

तिथे यासाठी बोर्लोत्ती नावाचे लाल ठिपक्यांचे दाणे घेतात. तुम्ही चित्रा राजमा घ्या, किंवा साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर फारच छान. तिन्ही एकाच जातीचे, मूळचे अमेरिकेतले.

चौघांसाठी एक मोठी वाटी (200 ग्रॅम) राजमा रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या. ताज्या पाण्यात, कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर 20-25 मिनिटं शिजवा. दाणा बोटांनी सहज चिरडला पाहिजे. इथे घाई नको, कारण कच्चट राजम्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या आणि जुलाब होतात. स्लो कुकरचं तापमान त्यासाठी पुरत नाही, त्यामुळे त्यात कच्चा राजमा कधीच घालू नका. टोमॅटोही आधी नको. आंबटपणामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत.

दुसरीकडे पातेल्यात 3 चमचे ऑलिव्ह तेलावर एक कांदा, एक गाजर आणि सेलरीचा एक दांडा, सगळं बारीक चिरून, मंद आचेवर 10 मिनिटं परता. सेलरी मिळाली नाही तर अडून बसू नका. मग लसणाच्या 3 पाकळ्या, 2 टोमॅटो, असल्यास रोझमेरीची काडी.

आता खरी गंमत. शिजलेल्या राजम्यातला निम्मा भाग रवीने घोटा किंवा मिक्सरमधून काढा आणि उरलेल्या दाण्यांसह, शिजवलेल्या पाण्यासकट पातेल्यात घाला. सूपला दाटपणा येतो तो यामुळे. कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेलं सूप हॉटेलात मिळतं, घरी कशाला? मीठ, मिरपूड घालून उकळी आली की 100 ग्रॅम छोटा पास्ता सूपमध्येच शिजवा. तो वेगळा उकळून पाणी ओतून देऊ नका. त्यातला स्टार्चही सूपला हवा असतो. अधूनमधून ढवळा, नाहीतर तळाला लागतो.

डब्यांच्या तळाशी उरलेले चार प्रकारचे पास्ते असतील, तर तेच वापरा. नेपल्समध्ये असा मिसळीचा पास्ताच या सूपसाठी पसंत करतात. पूर्वी तो दुकानातला तुटका-मुटका, स्वस्तात मिळणारा माल असे. आज त्याची मुद्दाम पाकिटं विकतात! तिथे सूप इतकं घट्ट आवडतं की चमचा उभा राहावा. काही ठिकाणी ते सरसरीत असतं. तुमच्या घरी कसं आवडेल ते तुम्ही ठरवा, पाणी त्या हिशेबाने घाला. पार्मेजान चीजची कडक साल उरली असेल तर ती सूपमध्ये उकळू द्या आणि वाढताना काढून टाका.

गॅस बंद केल्यावर 10 मिनिटं थांबा, वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार सोडा आणि मग वाढा. उरलेलं सूप सकाळपर्यंत घट्ट गोळा होतं, पास्ता सगळं पाणी पिऊन टाकतो. गरम करताना वाटीभर उकळतं पाणी घाला आणि मीठ पुन्हा चाखा.