भात कापले तरी जमीन उघडी ठेवणार नाही

आम्ही माणगाव तालुक्यातले भातशेतकरी हे जाहीर करतो.

दिवाळीच्या आगेमागे भात खळ्यावर जाते आणि मग जूनपर्यंत, सहा-सात महिने, खाचरे उघडी पडतात. उन्हाने भेगाळतात, गुरांच्या खुरांनी दडस होतात, वणवा आला तर धसकटेही जळतात. त्याच जमिनीवर मग कोकणचा पाऊस कोसळतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. वरकस उतारावरची माती ओढ्यांतून काळ नदीत जाते. पहिल्या पुराचे लाल पाणी पुलावर उभे राहून पाहा. ती आपली शेती वाहते आहे.

यावरचा उपाय आजा-पणज्यांना ठाऊक होता. कापणीच्या मागोमाग, ओल आहे तोवर, कडवा वाल पेरायचा. पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव यांवर तो येतो. एक रोप मातीसकट अलगद उचला. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आत गुलाबी दिसले, की समजा जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवत आहेत. युरियाच्या गोणीत आपण तोच नत्र विकत आणतो.

पण शेंगा वाळल्या, की आपण वाल मुळासकट उपटतो. ही चूक आम्ही थांबवणार. वाल विळ्याने कापू, मुळे जमिनीत राहू देऊ, झोडणीनंतरचा पाला शेतातच पसरू. आपल्याच जिल्ह्यात, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात भाताची मुळेसुद्धा उपटत नाहीत. त्यातली तणनाशकाची फवारणी आम्हाला मान्य नाही. मुळे राखण्याचा धडा मात्र आम्ही घेतला आहे.

खरी अडचण मोकाट गुरांची आहे. एकट्याने पेरलेला वाल एका रात्रीत फस्त होतो, म्हणून पुष्कळांनी पेरणेच सोडले. हे काम गावकीचेच आहे. शिमग्यापर्यंत गुरे राखणीला असावीत, राखणदाराची मजुरी घरटी वाटून द्यावी, रानाला कोणी आग लावू नये.

कापणीआधी आपल्या वाडीची बैठक लावा. ज्याच्याकडे बियाणे नाही त्याला शेजाऱ्याने पायलीभर वाल द्यावा; नवे पीक आले, की तो पायलीभर परत करील.