तक्रार कुणाकडे करायची?

पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले, तर तक्रार कुणाकडे करायची? ही म्हण आपल्या आज्या-पणज्या सहज बोलून जात आणि ऐकणारेही हसून मान डोलावीत. म्हणीने पाऊस आणि नवरा यांना एकाच पंक्तीला बसविले आहे. जणू नवऱ्याचा मार हीदेखील आभाळातून कोसळणारी, कुणाच्याच हाती नसलेली गोष्ट! या म्हणीशी आम्हांला आज भांडण मांडायचे आहे. मात्र या भांडणात पहिला आरोपी म्हणून आम्हांला स्वतःलाच उभे करावे लागेल, हे वाचकहो, आधीच सांगून टाकतो.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याजकपदाची दीक्षा घेऊन आम्हांला फार दिवस झाले नव्हते. पावसाळ्यातील एका संध्याकाळी, रोझरी आटोपल्यावर, एक भगिनी भिजलेल्या अंगाने चर्चच्या ऑफिसात आली. तिचे मनगट सुजले होते. कुणी मारले, हे तिने स्पष्ट सांगितले. काही लपविले नाही. आम्ही ऐकून घेतले, तिच्यासाठी प्रार्थना केली, तिच्या हाती संत रीताचे चित्र दिले आणि म्हणालो, ''बाई, प्रत्येकाला आपला क्रूस वाहावाच लागतो.'' दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला बोलाविले, दोघांना समोरासमोर बसविले आणि समेट घडवून आणला. त्याने क्षमा मागितली. तो रडलासुद्धा. एक मोडणारे घर सावरले, या समाधानात आम्ही त्या रात्री शांत झोपलो.

त्यानंतर ती भगिनी पुन्हा ऑफिसात आली नाही. आमच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. दोन वर्षांनी तिची मुलगी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला येऊ लागली. शिकविणाऱ्या धर्मभगिनीने तिला उदास पाहून विचारपूस केली आणि म्हणाली, ''फादरांशी बोलू का?'' त्यावर ते आठ वर्षांचे लेकरू घाबरून म्हणाले, ''नको, सिस्टर. फादरांना सांगितलं की आईला जास्त मार बसतो.''

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण आमच्या सेवेची इतकी अचूक परीक्षा कोणत्याही प्राध्यापकाने घेतली नव्हती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : मार खाणाऱ्या स्त्रीची 'समजूत घालून' तिला त्याच घरात परत पाठविणे हा समेट नव्हे, तो मारणाऱ्याला केलेला साहाय्यभार आहे. आणि तो उचलण्यात धर्मगुरू एकटा नसतो. ''दिल्या घरी सुखी राहा'' म्हणणारे माहेर, ''झाकली मूठ सव्वा लाखाची'' म्हणणारे आप्त, भिंतीपलीकडे रेडिओचा आवाज वाढविणारे शेजारी, असा सारा धर्मग्राम त्यात हातभार लावतो.

पवित्र शास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडून पाहावा. दावीद राजाच्या घरात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. तामार गप्प बसत नाही. ती वस्त्र फाडते, डोक्यात राख घालते, आक्रोश करीत निघते. तिला गप्प करतो तो तिचा सख्खा भाऊ अबशालोम. तो तिचा भाऊच आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, असे तो तिला सांगतो. पिता दावीद ही वार्ता ऐकून संतापतो. पण थोरल्या मुलाला जाब विचारीत नाही. घरातली गोष्ट घरातच राहते. परिणाम काय झाला? दोन वर्षांनी अबशालोमने अम्नोनचा खून करविला, पुढे तो बापावर उलटला आणि राजाचे घर उद्ध्वस्त झाले. तामार मात्र भावाच्या घरी उजाड आयुष्य कंठीत राहिली. हा उतारा रविवारच्या मिस्सेत वाचला जात नाही. वाचला जायला हवा होता, असे आम्हांला वाटते. अब्रू झाकल्याने घर वाचत नाही, हे शास्त्राने इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच सांगितले असेल.

आता संतांविषयी. संत रीताने संतापी नवऱ्याला सोसले आणि तो सुधारला, ही कथा आम्ही किती स्त्रियांना ऐकविली असेल! संत मोनिकेचेही तसेच. तिचा पुत्र संत ऑगस्टिन याने आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे, की गावातील बायका चेहऱ्यावर माराचे वळ घेऊन मोनिकेकडे येत आणि ती त्यांना सोसण्याचा उपदेश करी. चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिकेत नवऱ्याला जाब विचारणारे कुणी नव्हते. तिथे तिला सुचलेला तो मार्ग होता. त्याला सोळाशे वर्षांनंतर आमच्या अंगणात ईश्वरी आज्ञा म्हणून लागू करण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला? याच ऑगस्टिनने ४१० साली रोम लुटले गेल्यानंतर, ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांची बाजू आपल्या 'देवाची नगरी' या ग्रंथात घेतली. मनाची संमती नसताना शरीरावर झालेल्या बळजबरीने स्त्रीचे पावित्र्य भंगत नाही, दोष करणाऱ्याचा असतो, असे त्याने ठासून मांडले. पहिला ऑगस्टिन आम्ही प्रवचनात वापरला. दुसरा कपाटात ठेवला. म्हणूनच अत्याचार झालेली मुलगी आजही खाली मान घालून चर्चच्या शेवटच्या बाकावर बसते आणि तो करणारा पहिल्या रांगेत दिसतो.

''पण फादर, चर्चला विवाह मोडलेला चालत नाही ना?'' हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. विवाहाचे बंधन अतूट आहे, हे खरे. परंतु १९८३ च्या कॅनन लॉमधील ११५३ वा नियम सांगतो, की जोडीदारांपैकी एक जण दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा आत्म्याला गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर विभक्त राहण्यास ते रास्त कारण आहे. त्यासाठी महागुरूंचा आदेश घ्यावा, आणि विलंबात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानेही वेगळे व्हावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात स्त्रीवरील मारहाणीला पुरुषार्थ नव्हे तर भ्याडपणा ठरविले आणि काही वेळा विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकच असते, असेही म्हटले. म्हणजे जीव वाचविण्यासाठी घराबाहेर पडणारी स्त्री चर्चचा नियम मोडत नाही. तो नियम तिला कधी सांगितलाच गेला नाही, हा आमचा दोष आहे.

दुसरे म्हणतात, ''सगळे दारूमुळे होते.'' दारूचे समर्थन आम्ही करणार नाही. पण हाच गृहस्थ पिऊन आला असता आपल्या साहेबावर हात उचलत नाही, वाटेत भेटलेल्या हवालदाराला थप्पड मारीत नाही. घरी पोहोचेपर्यंत त्याचा हात त्याच्या ताब्यात असतो. दारू त्याला हिंमत देते. कुणाला मारायचे, हे तो स्वतः ठरवितो.

तिसरे म्हणतात, ''कायद्याचा गैरवापर होतो.'' होत असेल; त्याची शहानिशा करण्यासाठी न्यायालये आहेत. परंतु २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती शंभरात अवघ्या चौदा जणींनी. खोट्या तक्रारीची चिंता करणाऱ्यांनी, कधीच न झालेल्या खऱ्या तक्रारींची चिंता किती वेळा केली?

आमच्या समाजातील स्त्रीला कायद्यानेही दीर्घकाळ एकटे सोडले होते. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पत्नीला केवळ छळ सिद्ध करून भागत नसे. छळासोबत पतीचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट रद्द ठरविली आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क तो स्त्रीला देतो. मारहाणीबरोबर लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही तो हिंसा मानतो. त्याचे चौथे कलम तर आम्हां सर्वांनी पाठ करावे असे आहे. हिंसा घडते आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. शेजाऱ्याने आता रेडिओचा आवाज वाढविण्याचे कारण उरलेले नाही.

आणि बालकांवरील अत्याचार? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो माहीत असूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. मग माहीत असणारा काका असो, मुख्याध्यापक असो वा धर्मगुरू. येथे आम्हांला आमच्या झग्याकडेही बोट दाखविले पाहिजे. जगभर अनेक ठिकाणी धर्मगुरूंनी अत्याचार केले आणि वरिष्ठांनी त्यांची बदली करून विषय मिटविला. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांना याबाबत सर्व धर्मप्रांतांसाठी नियम घालून द्यावे लागले. ज्या चर्चने स्वतःची मूठ झाकली, तिने कुटुंबांना मूठ उघडा म्हणून सांगताना आधी स्वतःची उघडलीच पाहिजे.

मग करायचे काय? नवी संस्था उभारण्याची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामात छोटे ख्रिस्ती समूह आहेत, महिला मंडळ आहे, विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. मयताच्या घरी तासाभरात पोहोचणारे हे जाळे जिवंत स्त्रीच्या हाकेलाही पोहोचू शकते. प्रत्येक समूहात दोन विश्वासू भगिनी प्रशिक्षित असाव्यात. त्यांनी ऐकावे, विश्वास ठेवावा, वाच्यता करू नये आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. रात्री-अपरात्री तिच्यासाठी उघडेल असे एक घर ठरलेले असावे. विवाहाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती तिला विश्वासाच्या जागी ठेवता याव्यात. ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक चर्चच्या फलकावर मिस्सेच्या वेळांशेजारी लागावेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने दाखवून दिले, की जखम बांधणाऱ्या हातांनी आपुलकीने विचारले तर स्त्री बोलते. आपल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ते शिकावे.

विवाहतयारीच्या शिबिरात एक पूर्ण सत्र या विषयाला द्यावे आणि ते मुलांपुढे पुरुषांनीच घ्यावे. मारणारा माणूस पॅरिश कौन्सिलवर बसणार नाही, सणाचा यजमान होणार नाही, हे ठरवावे. माहेरांनी लेकीला लग्नात सोन्याबरोबर एक वाक्यही द्यावे : ''हे दार तुला उघडे आहे.''

आणि आम्हां धर्मगुरूंनी? प्रायश्चित्त संस्कारात जे कानी येते ते आम्ही कुणालाही सांगू शकत नाही. म्हणून तिथे बोललेल्या भगिनीला, हे संस्काराबाहेर पुन्हा सांग, असे आम्ही विनवावे. पती-पत्नीला समोरासमोर बसवून समेट करण्याची घाई आम्ही कायमची सोडावी. क्षमा ही देणाऱ्याने द्यायची असते. ती मागून घेण्याचा ठेका आमच्याकडे नाही. आणि पश्चात्ताप रडण्यावरून ओळखायचा नसतो, हे त्या संध्याकाळीच आम्हांला कळायला हवे होते.

ती आठ वर्षांची मुलगी आता तरुण झाली असेल. कदाचित तिचे लग्नही झाले असेल. तिच्यावर तशी वेळ न येवो. पण आलीच, तर तक्रार कुणाकडे करायची, हे तिला आजीच्या म्हणीला विचारावे लागू नये. तिने आपल्या धर्मग्रामाचे दार ठोठवावे आणि या खेपेला आईला जास्त मार बसेल अशी भीती कुणाही लेकराला वाटू नये. या विषयावर येत्या रविवारी आपल्या समूहात बोला. बोलायला पहिले कुणी उठत नसेल, तर तुमच्या फादरांना सांगा. सुरुवात करण्याचे देणे आमच्याकडेच सर्वांत जास्त बाकी आहे.