पुकारलेलं इनाम

गेल्या आठवड्यात गोदाकाठच्या एका गावातल्या हगाम्यात शेवटच्या कुस्तीला ३१ हजारांचं इनाम पुकारलं गेलं आणि जिंकलेल्या पोराच्या हातावर १५ हजार टेकवले गेले. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हा लेख. यात्रांचे दिवस आले की मी आखाड्यावर लिहितो हे जुन्या वाचकांना पाठ आहे. त्याऐवजी कांद्याच्या भावावर लिहा, असे फोनही दरवर्षी येतात. कांद्यावर पुढच्या रविवारी.

चैत्र लागला की वैजापूर, गंगापूर, येवला, कोपरगाव या पट्ट्यात गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रा म्हटली की हगामा आलाच. आधी रेवड्यांवर पोरासोरांच्या कुस्त्या, मग शंभर-पाचशेच्या, आणि दिवस कलताना मानाची शेवटची. कुस्ती म्हणजे कोल्हापूर-सांगलीची मिरास, असं आपल्याकडचीच माणसं म्हणतात तेव्हा मला त्यांना एक साल सांगावंसं वाटतं. १९६१. ‘महाराष्ट्र केसरी’चा पहिला किताब त्या वर्षी आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या औरंगाबादेत दिला गेला. सांगलीच्या दिनकर दह्यारींनी तो जिंकला.

आता त्या पोराची कुस्ती. समोरचा गडी नगरकडचा, वजनानं चांगलाच भारी. सलामी झडली आणि पहिली दहा मिनिटं नुसती खडाखडी, मानेवर पंजे, कपाळाला कपाळ. लोक ओरडायला लागले, ‘लावा, कुस्ती लावा!’ हलगीवाल्यानं ठेका वाढवला. पोरानं एकदा पट काढायला बघितला, समोरच्यानं तो वरूनच दाबला. दुसऱ्यांदा मात्र तो असा खाली शिरला की भारी गडी गुडघ्यावर आला. पोरगा मागून स्वार झाला, लांगेत हात घालून त्यानं पकड घट्ट केली. तीन-चार मिनिटं दोघांचे फक्त श्वास ऐकू येत होते. मग घिस्सा ओढला, आणि पाठ मातीला लागली. लोकांनी पोराला खांद्यावर घेतलं. त्याच्या डाव्या कानाच्या पाळीतून रक्त येत होतं, मोडून गोळा झालेला तो कान पुन्हा फुटला होता, आणि तो दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार करत होता.

अर्ध्या तासानं तो मला शाळेच्या भिंतीपाशी, दप्तरं ठेवायच्या कट्ट्यावर दिसला. हातात पाकीट होतं. समितीतले एक गृहस्थ त्याला समजावत होते, ‘पैलवान, यंदा वर्गणी कमी जमली. एवढ्यावर भागव. बाकीचं पुढच्या यात्रेला बघू.’ रात्रीच्या ऑर्केस्ट्राचे पैसे आगाऊ गेले होते, मांडववाल्याचे गेले होते, डीजेवाल्यानं तर पैसे घेतल्याशिवाय गाडीतून पेटी उतरवली नव्हती. थांबायला सांगता येईल असा त्या सगळ्या यात्रेत एकच माणूस होता, पैलवान.

‘बोलला का नाहीस?’ मी त्याला नंतर विचारलं.

‘काका, तोंड उघडलं की पुढच्या वर्षी जोड लागत नाही. हा भांडतो म्हणतात अन् दुसऱ्याला बोलावतात.’

हे उत्तर मला त्या रात्री झोपू देईना. कुठं कागद नाही, सही नाही, फोनवर जोड ठरते. ‘ये, एवढ्याची कुस्ती आहे,’ म्हणायचं आणि पोरानं पुण्याहून बस धरून यायचं. वर लाउडस्पीकरवर आकडा पुकारायचा, त्या आकड्यावर देणगीदाराचं नाव घ्यायचं, टाळ्या घ्यायच्या, सत्कार करून घ्यायचा. टाळ्या पूर्ण ३१ हजारांच्या झाल्या. उरलेले १६ हजार कुणाकडे आहेत, हे विचारायची सोय नाही.

आणि यावर कुणी म्हणेल, की पोरानं शौकासाठी कुस्ती करावी, पैसा कशाला बघावा. असं म्हणणाऱ्यानं त्याचा महिना बघावा. वडिलांची तीन एकर, कालव्याला पाणी आलं तर कांदा, नाही तर मका. पोरगा बाराव्या वर्षी तालमीत गेला. पहाटे चारला उठून पळणं, जोर, बैठका, मग मातीत आणि गादीवर लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. या मेहनतीला खुराक लागतो. दूध लिटरांनी, बदाम, तूप, अंडी, फळं. खोलीचं भाडं वेगळं, मेसचे पैसे वेगळे. घरी म्हैस दुभती असली तरी ती वैजापूर तालुक्यात आणि पोरगा पुण्यात. यात्रांच्या दोन-अडीच महिन्यांत हिंडून जे मिळवायचं त्यावर वर्षाचा खुराक चालतो. १६ हजार कमी पडले की दूध कमी होतं, आणि दूध कमी झालं की पुढच्या हगाम्यात पाठ मातीला लागते.

शिवाय पैलवानाची उमेद किती वर्षांची? विशीत तो चढतो, तिशीला गुडघा बोलायला लागतो. त्या आत नोकरी लागली तर लागली. नोकरीसाठी गादीवरची पदकं लागतात, वजनगटातली, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर मिळवलेली. पोट मात्र मातीवर भरतं, जिथं पाठ लागेपर्यंत कुस्ती सुटत नाही. दोन्हीकडे तयार राहायचं म्हणजे शरीराला दुप्पट खर्च. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा, म्हणजे कन्नडच्या घाटाखालचा विजय चौधरी २०१४ ते २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक झाला. बीडचा राहुल आवारे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याच पदावर गेला. त्यांचा मला फार अभिमान आहे. पण ज्यांच्या घरी गदा आली नाही अशी शेकडो पोरं त्याच मेहनतीनं पोलीस भरतीच्या रांगेत शिपाईपदासाठी उभी असतात.

राहुलचे गुरू हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते. मराठवाड्यातून उठून त्यांनी पुण्यात तालीम सांभाळली आणि तिथं मराठवाड्याचीच पोरं घडवली. आपल्या मातीतला पैलवान आपल्या मातीत राहून मोठा होत नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

आणि इनामाच्या पैशाचं मोल बघायचं असेल तर खाशाबा जाधवांकडे बघा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर या माणसानं काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढला, आणि मिळालेले पैसे प्राचार्यांना दिले, त्यांचं घर सोडवण्यासाठी. ऑलिंपिक पदकवीर गुरूचं घर सोडवायला मातीत उतरतो, हे वाचताना आजही माझा गळा भरून येतो. त्या मैदानांवर कुणी पुकारलेल्यापेक्षा निम्मे पैसे हातावर टेकवले असते तर?

पुढं १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मरणोत्तर. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आपण आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. चांगलं करतो. पण जित्या पैलवानाला वेळेवर पैसे देणं ही त्याहून साधी गोष्ट आहे आणि तीच आपल्याला जमत नाही.

हगामे अजून संपलेले नाहीत. यात्रा समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जेवढी वर्गणी जमली तेवढंच इनाम पुकारा. अकरा हजार असतील तर अकरा पुकारा, पोरं त्यालाही येतील. शेवटच्या कुस्तीचे पैसे सलामीच्या आधी पंचांच्या हातात द्या आणि निकाल लागला की आखाड्यातच, माइक चालू असताना, मोजून पैलवानाला द्या. देणगीदाराचा फोटोही तेव्हाच काढा. आणि वाचकहो, तुम्ही आखाड्याभोवती बसलेले असाल तर निकालानंतर लगेच उठू नका. पैसे पूर्ण दिले का, हे तिथंच मोठ्यानं विचारा. पोराला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.