परसातील तण आणि आपण

दवाखान्यामागील अथवा फार्मसीच्या आवारातील भाजीचे वाफे दोन पावसाळे दुर्लक्षित राहिले की तेथे रान माजते आणि तणनाशकाची फवारणी हाच उपाय सुचविला जातो. वैद्याने तो स्वीकारावा, हे आम्हास मुळीच मान्य नाही.

माळी ज्यास तण म्हणतो त्यातील बरेचसे आपल्या द्रव्यगुणाच्या ग्रंथांत आहे. पुनर्नवा, माका, आघाडा, भुईआवळी ही काय परकी मंडळी आहेत? बागायतदारास रडकुंडीस आणणाऱ्या लव्हाळ्याच्या कुळातीलच मुस्ता आपल्या षडंगपानीयात पडते. बाजारात भुईआवळीच्या नावाने तिच्या जातभाई वनस्पती मिसळून येतात. उभे झाड कधी डोळ्यांखालून गेलेच नसेल, तर ही भेसळ ओळखणार कोण?

म्हणून आधी महिनाभर नुसते पाहावे व एक कोपरा न कापता राखावा. गाजरगवत तेवढे फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून समूळ उपटावे. त्याने होणारे त्वग्विकार आपणास ठाऊकच आहेत. बाकीचे जमिनीलगत कापून तेथेच पसरावे. कुदळ लावू नये. माती उलथली की खालचे निद्रिस्त बी उजेडात येऊन रुजते. वर पुठ्ठ्याचे खोके (फार्मसीत त्यांचा तोटा नसतो!) चिकटपट्ट्या काढून, कडा एकमेकींवर येतील असे अंथरून भिजवावेत आणि त्यांवर वीतभर पालापाचोळा घालावा. पहिल्या पावसावर पुठ्ठ्यास छेद देऊन दुधी, दोडका, लाल भोपळा लावावा. वेलींची सावली उरलेले तण दाबते. लव्हाळा मात्र पुठ्ठा भेदून वर येतो. त्याचे कंद खणूनच काढावे लागतात.

निसर्गशेतीचे जपानी पुरस्कर्ते मासानोबु फुकुओका यांचा दाखला देऊन कित्येक जण ‘काहीच करू नये’ असे सांगतात. प्रत्यक्षात ते पेंढा शेतात परत पसरीत आणि पांढरा क्लोव्हर पेरून तण आवरीत. श्रम थोडे असतात, पण ते वेळेवर व्हावे लागतात.

काढ्यांचा चोथा गाड्या भरून बाहेर टाकला जातो, हे आम्हास फार खटकते. शेण-मातीच्या थरांत कुजविल्यास त्याचे उत्तम खत होते. भल्लातक, वत्सनाभ यांचा चोथा अर्थातच वेगळा ठेवावा.

राखलेल्या कोपऱ्यातील वनस्पती जाणत्याकडून ओळखून घेऊन नावांच्या पाट्या लावाव्यात. जागेवर पूर्वी फवारणी झाली असल्यास त्या पाहण्यापुरत्याच ठेवाव्यात. पुनर्नवा कितीही टवटवीत दिसली तरी ती खलात घेऊ नये.