सासूबाईंना चालतं ठेवा

मैत्रिणींनो, चैत्र आला की जळगाव-धुळ्याकडून वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्यांची रीघ लागते. धुळ्याच्या एका भगिनी लिहितात, ‘सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. मागे मोरीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांनी धास्ती घेतली. आता भिंत धरून चालतात. मी सगळं हातात नेऊन देते. यंदा मात्र गडावर जायचंच म्हणतात. काय करू?’

भगिनी, तुमची माया समजते, पण सगळं हातात देणं आधी थांबवा. पडायच्या भीतीने चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांड्यांमधली ताकद जाते, आणि मग माणूस खरंच पडतं. आधी डॉक्टरांना दाखवा. डोळे, रक्तदाब, साखर आणि चालू औषधं तपासून घ्या. त्यांनी होकार दिला की हे व्यायाम सुरू करा. फरशी कोरडी हवी आणि तुम्ही शेजारी हव्यात.

१. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून सावकाश उठणं, सावकाश बसणं. आधी ५ वेळा, जमू लागलं की १०.

२. ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणं, हळूच टेकवणं. १० वेळा.

३. ओटा धरून, कंबर न झुकवता एकेक पाय बाजूला नेणं. दोन्ही पायांनी १०-१० वेळा.

४. ओटा धरूनच एका पायावर १० सेकंद उभं राहणं, मग दुसऱ्या.

५. हे जमलं की ओट्याच्या कडेने, एका पावलाच्या टाचेपुढे दुसरं पाऊल ठेवत १० पावलं चालणं.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघ्यात कळ आली तर तिथेच थांबा. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्या माणसांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगितलं आहे. गुण यायला काही आठवडे लागतात, धीर सोडू नका.

आणि गडाचं म्हणाल, तर यंदा पायी नको. एस. टी.ने न्या. पायऱ्यांऐवजी २०१८ पासून तिथे ट्रॉली आहे. पण गाडीतून उतरून देवीपर्यंतची पावलं त्यांनी स्वतःच्या पायांनी टाकावीत, एवढं ध्येय ठेवा.

मैत्रिणींनो, कुकरची शिटी होईपर्यंत तुम्हीही ओटा धरून टाचा उचलायला काय हरकत आहे? सत्तरी आपलीही यायचीच आहे!